पेन आणि पेन्सिल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतराच्या कामात असलेल्या माणसाला लोक जे प्रश्न हटकून विचारतात, त्यांत ही जोडी वर्षानुवर्षं टिकून आहे. दोन्ही लिहायच्या वस्तू, दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी, त्यामुळे पेन्सिल म्हणजे पेनची धाकटी बहीण असं बहुतेकांनी मनाशी धरलेलं असतं. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. एकदा त्यापायी चांगलाच तोंडघशी पडलो, त्याची हकिगत खाली आहे.

पेन्सिल हा शब्द पेनवरूनच निघाला ना?

नाही. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पेनचं मूळ लॅटिनमधल्या 'पेन्ना' या शब्दात आहे. पेन्ना म्हणजे पक्ष्याचं पीस. पेन्सिलचं मूळ 'पेनिसिलस'. त्याचा अर्थ चित्रकाराचा बारीक कुंचला, आणि शब्दशः घेतला तर 'इवलीशी शेपटी'. म्हणजे एक शब्द पंखातून आला आणि दुसरा शेपटीतून. दोघेही जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत शिरले आणि तिथे त्यांचे चेहरे जुळले. आडनाव एक असलं म्हणजे भाऊबंद असतातच असं नाही, तसाच हा प्रकार.

शेपटी कुठून आली?

लॅटिनमध्ये शेपटीला जो शब्द होता, त्याचं लघुरूप 'पेनिक्युलस', म्हणजे छोटी शेपटी, पर्यायाने झाडायचा किंवा पुसायचा ब्रश. त्याचंही पुन्हा लघुरूप केलं, तेव्हा झालं पेनिसिलस. बाळ्याचा बाळू आणि बाळूचा बाळुल्या व्हावा तसं. जनावरांच्या शेपटीचे केस काडीला बांधून कुंचला करत, त्यामुळे या नावात फारसं कोडं नाही. मूळच्या शेपटीवाचक लॅटिन शब्दाला पुढे पुरुषाच्या शरीरातल्या एका अवयवाचा अर्थ चिकटला आणि इंग्रजी शरीरशास्त्रात तो त्याच अर्थाने आहे. हे ऐकून वर्गात हशा पिकतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. पण पेन्सिलीचं नातं त्या शब्दाच्या जुन्या, निरुपद्रवी अर्थाशी आहे.

फ्रेंचमध्ये 'पँसो', स्पॅनिशमध्ये 'पिन्सेल' आणि जर्मनमध्ये 'पिन्झेल' हे याच कुळातले शब्द, आणि तिन्हींचा अर्थ आजही कुंचलाच आहे. घर सोडून गेली ती फक्त इंग्रजी पेन्सिल.

मग पीस आणि पेन?

हे सोपं. शेकडो वर्षं युरोपात लिहायचं साधन म्हणजे पीस, बहुतेकदा हंसकुळातल्या गूज पक्ष्याच्या पंखाचं. पिसाची नळी गरम वाळूत घालून कडक करायची, टोक तिरपं कापायचं, मधोमध बारीक चीर द्यायची म्हणजे शाई हळूहळू उतरते. थोडं लिहिलं की टोक बोथट व्हायचं, की पुन्हा तासायचं. त्यासाठी लिहिणाऱ्याजवळ एक छोटा चाकू कायम असे. इंग्रजीत खिशातल्या घडीच्या चाकूला 'पेननाइफ' म्हणतात ते यामुळे. आता त्या चाकूने कोणी पीस तासत नाही, पण नाव काही कोणी बदललं नाही.

जर्मन 'फेडर' आणि स्पॅनिश 'प्लूमा' या शब्दांचे अर्थही पीस आणि लेखणी असे दोन्ही आहेत. आपल्याकडे मात्र पिसाने कधी बाजी मारली नाही. 'बोरू' हे नाव वनस्पतीचं. 'कलम' अरबीतून आलं, आणि त्या शब्दाच्या मागे ग्रीक 'कालामोस' आहे, म्हणजे पुन्हा बोरूच. 'लेखणी' कामावरून पडलेलं नाव. संस्कृतातल्या 'लिख्' या धातूचा जुना अर्थ ओरखडणं, कोरणं. गंमत म्हणजे इंग्रजी 'राइट' या क्रियापदाचाही मुळातला अर्थ कोरणं, ओरखडणं असाच होता.

मराठीतल्या एखाद्या शब्दाशी पेनचं नातं आहे का?

आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. लॅटिन पेन्ना ज्या प्राचीन धातूवरून आला त्याचा अर्थ उडणं, झेपावणं. संस्कृतातला 'पत्' हा धातू त्याचाच वंशज. 'पतंग' त्यातलाच. आणि 'पत्र'सुद्धा. संस्कृतात पत्र म्हणजे आधी पंख किंवा पीस, मग झाडाचं पान, आणि पानावर लिहिलं जाऊ लागलं तेव्हा लिहिलेला मजकूर. म्हणून जुन्या संस्कृतात पक्ष्याला 'पत्री' असंही म्हटलेलं सापडतं.

म्हणजे आपण पेनने पत्र लिहितो तेव्हा हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन चुलतभाऊ एकाच कागदावर भेटत असतात. इंग्रजी 'फेदर' हाही त्याच गोतावळ्यातला. हेलिकॉप्टरच्या शेवटी जो 'प्टर' आहे तो ग्रीक 'प्टेरॉन', म्हणजे पंख, तोही यांचाच. त्यामुळे पेनचं हेलिकॉप्टरशी रक्ताचं नातं निघतं आणि शेजारी पडलेल्या पेन्सिलीशी निघत नाही.

जुन्या इंग्रजी मजकुरात 'पेन्सिल' दिसली तर काय समजायचं?

आधी थांबायचं. इथेच मी आपटलो होतो. एका चित्रकाराविषयीचा अठराव्या शतकातला उतारा भाषांतराला आला होता. त्यात त्याच्या पेन्सिलीची तारीफ होती. मी बिनदिक्कत 'त्याच्या पेन्सिलीतून उतरलेले गालांवरचे गुलाबी रंग' असं लिहून मोकळा झालो. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं : 'गुलाबी शिसपेन्सिल?' मी मूळ उतारा पुन्हा वाचला आणि कान धरले. चित्र तैलरंगातलं होतं. तिथली पेन्सिल म्हणजे कुंचला.

सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कोशात पेन्सिलचा पहिला अर्थ चित्रकाराचा केसांचा छोटा कुंचला असाच दिला आहे. आपल्या ओळखीची पेन्सिल त्याच्यानंतर येते. आणि तिची व्याख्या करताना जॉन्सन तिला काळ्या शिशाचं 'पेन' म्हणतो! म्हणजे दोन्ही शब्दांची सरमिसळ तेव्हाच सुरू झाली होती.

माझा आता साधा नियम आहे. मजकूर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आधीचा असेल आणि आजूबाजूला रंग, कॅनव्हास, छटा असे शब्द असतील, तर 'कुंचला' लिहायचं. टिपणं, हिशेब, समासातल्या खुणा असतील तर 'पेन्सिल'. अधलंमधलं असेल तर चित्र कोणत्या माध्यमातलं आहे ते शोधायचं. त्याला पाच मिनिटं लागतात आणि अब्रू वाचते.

कुंचल्याची शिसपेन्सिल कशी झाली?

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या वायव्येकडच्या बोरोडेल भागात एक काळा, मऊ, हाताला ओशट लागणारा खनिज पदार्थ भरपूर सापडला. आसपासचे लोक त्याने मेंढ्यांवर खुणा करत. कागदावर तो छान उमटे, पण बोटं काळी होत आणि कांडी मोडे. म्हणून तिला दोरा गुंडाळू लागले, पुढे लाकडात बसवू लागले. कोनराड गेसनर या स्विस विद्वानाने १५६५ साली अशा साधनाचं वर्णन करून ठेवलं आहे. बारीक टोकाचं, हातात धरायचं, रेघा काढायचं साधन म्हटल्यावर कुंचल्याचं नाव त्याला आयतं मिळालं. पुढे नव्या वस्तूने नाव इतकं बळकावलं की कुंचल्याला ते सोडावं लागलं आणि तो 'ब्रश' झाला.

शिसपेन्सिलीत शिसं असतं का?

कणभरही नसतं. तो काळा पदार्थ म्हणजे ग्राफाइट, कार्बनचंच एक रूप. दिसायला शिशासारखा म्हणून लोक त्याला काळं शिसं म्हणत. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली दाखवून दिलं की याचा शिशाशी संबंध नाही, हा कार्बन आहे. १७८९ साली अब्राहम वर्नरने त्याला ग्रीकमधल्या 'लिहिणे' या क्रियापदावरून ग्राफाइट हे नाव दिलं. पण तोवर चुकीचं नाव सगळीकडे रुजलं होतं. जर्मन 'ब्लायश्टिफ्ट'मधला 'ब्लाय' म्हणजे शिसं. अरबीत 'कलम रसास', त्यातलं 'रसास' म्हणजेही शिसं. आपली 'शिसपेन्सिल' याच रांगेतली.

मराठीत हा 'शिस' लावण्याचं आणखी एक कारण होतं. नुसती 'पेन्सिल' म्हटली की ती पाटीवरची. ती दगडाची, कागदावर चालणारी ती शिशाची. पाटी मागे पडली तसा 'शिस'ही गळून पडत चालला आहे.

आजची पेन्सिल मात्र निव्वळ ग्राफाइटचीही नसते. युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना, तेव्हा निकोला-जॅक कोंते याने १७९५ साली ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती मिसळून, भट्टीत भाजून कांड्या करण्याची रीत काढली. माती जास्त तर कांडी टणक आणि रेघ फिकी, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि गडद. पेन्सिलीवरच्या एच आणि बी या अक्षरांचा अर्थ एवढाच : एच टणक, बी काळी, आणि एचबी दोघांच्या मधली.

आईवडिलांच्या माहितीसाठी : पोराच्या हातात पेन्सिलीचं टोक मोडून राहिलं तर टोक काढा, जखम धुवा, गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा. पण 'शिशाचं विष' चढेल ही भीती नको.

पेनिसिलिनचा पेनशी की पेन्सिलशी संबंध?

पेन्सिलशी. पेनिसिलियम नावाची एक बुरशी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या बीजाणू धरणाऱ्या फांद्या कुंचल्यासारख्या दिसतात, म्हणून १८०९ साली हाइनरिक लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला लॅटिन कुंचल्याचं नाव दिलं. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये त्याच कुळातल्या बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले आणि त्या जंतुनाशक द्रव्याला त्याने पेनिसिलिन म्हटलं. पेन्सिल आणि पेनिसिलिन या सख्ख्या बहिणी आहेत, हे सांगितल्यावर लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

क्रियापद म्हणून हे शब्द कसे वापरायचे?

इथे खरी गोची होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्रजीत एखाद्याने काही 'पेन केलं' म्हणजे त्याने ते लिहिलं, पण थाटात लिहिलं. लेख, कविता, राजीनाम्याचं पत्र, आत्मचरित्र या गोष्टी पेन करतात. वाण्याची यादी पेन करत नाहीत, केली तर ती थट्टा. शिवाय हातात खरंच पेन असावं लागत नाही. संगणकावर बडवलेला लेखही 'पेन' केलेलाच. मराठीत 'लिहिलं' पुरतं. मथळ्यात फारच भारदस्तपणा हवा असेल तर 'लेखणीतून उतरलं' म्हणा, पण रोज रोज उतरवू नका.

'पेन्सिल इन' करणं म्हणजे तारीख किंवा वेळ तूर्तास धरून ठेवणं. खोडता येईल अशी नोंद. आपल्याकडे यासाठी 'कच्चं' हा झकास शब्द आहे : 'गुरुवार दुपार कच्ची धरा, उद्या पक्कं सांगतो.' मी कित्येक इमेलांच्या भाषांतरात 'तुमची भेट पेन्सिलने नोंदवली आहे' असं वाचलं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, बरं, मग?

आता यावरून कोणी तर्क करेल की पक्की तारीख म्हणजे 'पेन इन'. चुकलात! गमतीत तसं बोलणारे लोक आहेत, पण 'पेन इन'चा रूढ अर्थ कोंडून घालणं, चहूबाजूंनी अडवणं असा आहे. 'त्यांना पेन इन केलं' म्हणजे त्यांची नावं शाईने लिहिली असं नव्हे, त्यांना दावणीला आणलं. का, ते पुढच्या उत्तरात. करार पक्का होऊन सह्या झाल्या की इंग्रजी माणूस 'इंक' हे क्रियापद वापरतो, म्हणजे शाईचं.

कोंडण्याचा आणि पेनचा काय संबंध?

पिसाच्या पेनशी काहीच नाही. जनावरांच्या कोंडवाड्याला, मेंढवाड्याला इंग्रजीत 'पेन'च म्हणतात. तो जुन्या इंग्रजीतला वेगळा शब्द आहे. रांगत्या मुलाला ठेवायचं कठडेवालं 'प्लेपेन' त्यातलंच. दाबून ठेवलेल्या रागाला 'पेंट-अप' म्हणतात, तोही कोंडवाड्याचाच नातलग. याशिवाय मादी हंसाला पेन म्हणतात, आणि अमेरिकेत बोलीभाषेत तुरुंगाला, पण ते तुरुंगवाचक लांबलचक शब्दाचं तोडलेलं रूप आहे.

या एका शब्दाने यंत्रांनाही घाम फोडला होता. येहोशुआ बार-हिलेल या तत्त्वज्ञ-भाषावैज्ञानिकाने १९६० साली यंत्र-भाषांतराच्या मर्यादा दाखवताना एक साधं उदाहरण घेतलं. एक लहान मुलगा खेळण्यांचा डबा शोधतोय. डबा सापडतो. कुठे, तर 'पेन'मध्ये. माणसाला क्षणात कळतं की डबा लेखणीत मावणार नाही, तेव्हा हे मुलाचं कठडेवालं प्लेपेन. यंत्राला हे कळायला डबा केवढा आणि लेखणी केवढी हे माहीत असावं लागेल, आणि शब्दकोशात ते लिहिलेलं नसतं. त्या काळी ही अडचण अभेद्य वाटत होती. आता यंत्रं असली वाक्यं बऱ्यापैकी सोडवतात. माझी गुलाबी शिसपेन्सिल आठवली की यंत्रांना हसायचं धाडस मला होत नाही.

'पेन पुशर' आणि 'पेन्सिल पुशर' यांत फरक काय?

अटलांटिक महासागराचा. ब्रिटिश लोक पहिला वापरतात, अमेरिकन दुसरा. अर्थ एकच : दिवसभर कागद काळे करणारा. मराठीत 'खर्डेघाशी करणारा'. यात हेटाळणी आहे, त्यामुळे कोणाच्या तोंडावर वापरू नये.

पेनच्या आणखी कोणत्या जोडशब्दांत घोटाळा होतो?

'पेन पोर्ट्रेट' हे बहुतेक वेळा शाईने काढलेलं चित्र नसतं. ते शब्दांत रंगवलेलं व्यक्तिचित्र असतं. 'पेन्सिल पोर्ट्रेट' मात्र खरोखरच पेन्सिलीने काढलेलं. हा फरक लक्षात न घेता एकाच्या जागी दुसरं घातलं की लेखाचं चित्र होतं. 'पेन नेम' म्हणजे टोपणनाव. 'पॉयझन पेन लेटर' म्हणजे निनावी, विखारी पत्र. त्यात विषारी शाई नसते. 'स्लिप ऑफ द पेन'ला आपला 'हस्तदोष' चपखल बसतो. लॅटिनमध्ये याच चुकीला 'कालामुस'ची, म्हणजे बोरूची घसरण म्हणतात. आपल्या 'कलम'चा हा परदेशातला भाऊ.

पेन्सिलच्या बाजूला बहुतेक अर्थ आकारावरून आलेले. पेन्सिलीसारखी मिशी, पेन्सिल स्कर्ट, पेन्सिल हील. बारीक, सरळ, निमुळतं. प्रकाशशास्त्रात मात्र 'पेन्सिल' म्हणजे एका बिंदूशी जुळणाऱ्या किरणांचा झुबका. तिथे जुना कुंचला अजून डोकावतो, कारण त्याचेही केस टोकाशी असेच जुळतात. मराठीत अशा ठिकाणी 'शलाका' लिहावं, पेन्सिल लिहू नये.

'पेन ड्राइव्ह' सगळीकडे चालतं का?

भारतात बिनघोर चालतं. ब्रिटन-अमेरिकेत 'यूएसबी स्टिक', 'फ्लॅश ड्राइव्ह', 'थंब ड्राइव्ह' हे शब्द जास्त कानावर पडतात.

उच्चारात काय सांभाळावं?

पेन आणि पिन. अमेरिकेच्या दक्षिण भागात बऱ्याच लोकांच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द एकसारखे येतात. त्यामुळे तिथे लिहायचं पेन हवं असेल तर 'इंक पेन' असं फोड करून सांगतात. आपल्याला ते ऐकून द्विरुक्ती वाटते, त्यांना ती गरजेची असते. आपण मराठी माणसं हे दोन स्वर नीट वेगळे करतो, तेव्हा इथे काळजी नको.

मराठीत 'तो पेन' की 'ते पेन'?

दोन्ही ऐकू येतात. मी 'ते पेन' म्हणतो, पण 'तो पेन' म्हणणाऱ्याला चूक ठरवायला मी जाणार नाही. पेन्सिलीबद्दल वाद नाही, ती सर्वांची 'ती'. अनेकवचन 'पेन्सिली'. पेनचं 'पेनं' किंवा नुसतं 'पेन'.

फसवं साम्य असलेल्या अशा आणखी जोड्या आहेत?

पुष्कळ. 'आइल' आणि 'आयलंड', दोन्हींचा अर्थ बेट, तरी मुळं वेगळी. आयलंडच्या स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा 'एस' हा आइलकडे बघून मागाहून घुसडलेला आहे. 'मेल' आणि 'फीमेल' हेही असेच. फीमेल फ्रेंचमधून वेगळ्याच रूपात आला आणि मेलच्या शेजारी बसून त्याच्यासारखा दिसू लागला. आणि 'स्टेन्सिल'? नाही, तो पेन्सिलचा कोणी लागत नाही. त्याचं मूळ ठिणगीत आहे.